पहिलवान भारी की कराटेवाला?

शाळेच्या मधल्या सुट्टीत काही वाद वर्षानुवर्षे चालू असतात. मुले बदलतात, वाद तोच राहतो. वाघ आणि सिंह यांची झुंज लावली तर कोण जिंकेल, हा त्यांतला एक. दुसराही तितकाच जुना आहे: पहिलवान आणि कराटेवाला समोरासमोर आले, तर भारी कोण?

बुलढाणा जिल्ह्यात या वादाला साक्षीदारांची वाण नाही. घाटावर काय आणि घाटाखाली काय, नागपंचमीला किंवा यात्रेत कुस्त्यांची दंगल पाहिलेला मुलगा प्रत्येक वर्गात सापडतो. तो पहिलवानाच्या बाजूने बोलतो. ज्याने सुट्टीतल्या शिबिरात एका फटक्यात कौले फुटताना पाहिली आहेत, तो कराटेच्या बाजूने बोलतो. आणि घरी जाऊन आजोबांना विचारावे, तर ते काही न बोलता दाराआडच्या काठीकडे बोट दाखवतात.

तिघांपैकी खरे कोणाचे? आवाज चढवून हे ठरणार नाही. पण एक मोजपट्टी, थोडे पदार्थविज्ञान आणि घडून गेलेल्या काही लढतींची माहिती एवढे हाताशी असले, तर बरेच काही ठरवता येते.

प्रथम एक साधा प्रयोग करा. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून सरळ उभे राहा. आता गुडघे न वाकवता खाली वाकून पायांचे अंगठे धरण्याचा प्रयत्न करा. समोर एखादी सतरंजी किंवा धरायला मित्र असू द्या, कारण तुम्ही पुढे कोसळणार आहात. एरवी मोकळ्या जागेत हेच सहज जमते. मग भिंतीने काय बिघडवले? आपण वाकतो तेव्हा नकळत कंबर मागे नेतो. त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वरच राहतो. भिंत कंबरेला मागे जाऊ देत नाही, गुरुत्वमध्य पायाच्या बोटांपुढे जातो, आणि पुढचे काम पृथ्वी करते. पाडणारा दुसरा कोणीही तिथे नव्हता, हे लक्षात ठेवा.

कुस्तीचे मर्म येथेच आहे. सरळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९० सें.मी. उंचीवर, बेंबीच्या थोडा खाली असतो. पावलाची लांबी २५ सें.मी. धरली आणि गुरुत्वमध्य तिच्या मधोमध आहे असे मानले, तर पुढच्या कडेपर्यंतचे अंतर भरते साडेबारा सें.मी. गणित केल्यास दिसेल की असा माणूस अवघा ८ अंश पुढे कलला की तोल गमावतो. आता पहिलवानाचा पवित्रा पाहा. गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, एक मागे. समजा गुरुत्वमध्य ६० सें.मी.वर आला आणि दोन पायांतले अंतर ७० सें.मी. झाले. पायांच्या रेषेत त्याला पाडायचे तर आता सुमारे ३० अंश कलवावे लागेल. म्हणजे जवळजवळ चौपट! मात्र त्या रेषेला काटकोनात ढकलले, तर तोच माणूस पुन्हा अगदी कच्चा असतो. म्हणून तर दोघे पहिलवान सारखे एकमेकांभोवती फिरत असतात. प्रेक्षकांना वाटते, वेळ काढताहेत. खरे म्हणजे ते समोरच्याच्या पायाची अरुंद बाजू शोधत असतात.

धोबीपछाड हा डाव तुम्ही पाहिला असेल. प्रतिस्पर्धी रेटत पुढे येतो, तेव्हा पहिलवान गर्रकन वळून त्याच्याकडे पाठ करतो, त्याचा हात आपल्या खांद्यावरून ओढतो, गुडघ्यांत वाकतो आणि धोब्याने कपडा आपटावा तसा त्याला पुढे टाकतो. हे नुसत्या दंडाच्या ताकदीने होत नाही. पहिलवानाची कंबर प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली शिरते आणि तरफेचा टेकू बनते. टेकू गुरुत्वमध्याच्या इतका जवळ आला म्हणजे ८० कि.ग्रॅ. वजनाचा माणूस फिरवायला फार थोडे बळ पुरते. त्याचे वजन क्षणभर पायांवर पेलावे लागते, तेवढेच. जपानी ज्युदोमध्ये याच्याशी मिळताजुळता एक डाव आहे. त्याला ‘सेओई-नागे’ म्हणतात. माणसाचे हातपाय आणि गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे सारखेच, तेव्हा डावही सारखेच सापडले तर नवल काय?

आखाड्यातल्या मातीचाही विचार करू. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी, कपाशीची माती भरपूर आहे. पण ती वाळली की तिची दगडासारखी ढेकळे होतात आणि भिजली की ती अंगाला गोळ्यांनी चिकटते. म्हणून आखाड्याला तांबडी माती लागते. ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद मिसळतात आणि रोज खोऱ्याने खणून ती भुसभुशीत ठेवतात. का? १ मीटर उंचीवरून पडणारे शरीर कठीण जमिनीवर १ सें.मी. अंतरात थांबले, तर त्याला वजनाच्या सुमारे शंभरपट बळाचा दणका बसतो. तेच मऊ मातीत ५ सें.मी. रुतून थांबले तर हा दणका वीसपटीवर येतो. अंतर पाचपट, दणका एकपंचमांश. या मऊ मातीमुळे पहिलवान दिवसातून पन्नास वेळा पडू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहतो. ही गोष्ट वरवर किरकोळ दिसते, पण आपल्या वादाचा निकाल हिच्यावरच अवलंबून आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता कराटेवाल्याची बाजू ऐकू. १९७९ साली मायकेल फेल्ड, रॉनल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क या अमेरिकन संशोधकांनी कराटेच्या फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांपैकी मॅकनेअर स्वतः कराटेत काळा पट्टा मिळवलेले पदार्थवैज्ञानिक होते. ते पुढे अंतराळवीर झाले आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या अपघातात मृत्यू पावले. झगमगत्या दिव्यांच्या साहाय्याने फटक्यांची छायाचित्रे घेऊन या तिघांनी हाताचा वेग मोजला. तरबेज माणसाचा हात सेकंदाला १० ते १४ मीटर वेगाने जातो असे त्यांना आढळले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. तेव्हा कौल फुटते यात हातचलाखी नाही. आणखी एक गंमत अशी की, हात पूर्ण ताणला जाण्याच्या जरा आधीच त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. म्हणून कराटेपटू कौलाच्या पृष्ठभागावर नेम धरत नाही, त्याच्या पलीकडे धरतो.

मात्र कौल आणि माणूस यांत फरक आहे. कौल ठिसूळ असते. वरून दाब पडला की ते वाकते, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि ताण तर त्याला मुळीच सोसवत नाही. ते दोन्ही कडांवर टेकलेले असते, मध्ये पोकळी असते. मुख्य म्हणजे ते हलत नाही आणि उलट मारत नाही. माणूस मागे सरतो, हाताने अडवतो, अंगावर येतो. फुटलेली कौले हाताचा वेग सिद्ध करतात. लढत जिंकता येईल की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाहीत.

बरे, माणसाने फटका अडवायचा म्हटले तरी तो दिसून अडवता येतो का? हेही तुम्ही मोजू शकता. मित्राला ३० सें.मी.ची मोजपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या टोकाशी तुमचा अंगठा आणि तर्जनी पट्टीला न लावता उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती चिमटीत पकडावी. बहुधा ती २० सें.मी.च्या आसपास पकडली जाईल. गुरुत्वाकर्षणाच्या सूत्राने काढले तर २० सें.मी. पडायला लागतो ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहून स्नायू हलेपर्यंत इतका वेळ जातोच. आता शून्यापासून सुरू होऊन १२ मीटर वेगापर्यंत पोचणारा ठोसा सरासरी ६ मीटर वेगाने जातो असे धरा. ६० सें.मी. अंतर तो ०.१ सेकंदात कापतो. म्हणजे ठोसा सुटल्यावर तो पाहून अडवणे अशक्य! चांगला मुष्टियोद्धा मुठीकडे पाहतच नाही. मूठ सुटण्याआधी खांदा व कंबर हलते, तिकडे त्याचे लक्ष असते, आणि त्याहीपेक्षा तो अंतर राखण्यावर भिस्त ठेवतो.

पहिलवान यावर वेगळाच तोडगा काढतो. सलामी झाली की खडाखडीत तो समोरच्याच्या मानेवर, मनगटावर हात ठेवतो. स्पर्शाला दिलेली प्रतिक्रिया डोळ्याने पाहून दिलेल्या प्रतिक्रियेपेक्षा थोडी लवकर होते. शिवाय हाताला समोरच्याच्या स्नायूंचा ताण आधीच कळतो. आणि इतक्या जवळ आल्यावर ठोशाला वेग घ्यायला अंतरच उरत नाही.

म्हणजे लांबून कराटेवाला भारी आणि जवळून पहिलवान भारी, असे म्हणून मोकळे व्हावे का? इतक्यात नको. आतापर्यंत आपण कागदावर गणित मांडले. प्रत्यक्ष लढतींत काय झाले ते पाहू.

१९१० साली आपला गामा पहिलवान लंडनमध्ये पोलिश मल्ल झिबिस्कोशी लढला. झिबिस्कोने ओळखले की उभ्याने आपला निभाव लागणार नाही. तो जमिनीवर हातपाय रोवून पालथा राहिला. पाया रुंद, गुरुत्वमध्य जमिनीलगत. गामाने सुमारे अडीच तास खटपट केली, पण त्याला उलथवता आले नाही. कुस्ती अनिर्णित राहिली. पुढच्या ठरलेल्या लढतीला झिबिस्को आलाच नाही. हेच दोघे १९२८ साली पतियाळात पुन्हा भेटले, तेव्हा दोघेही पन्नाशीच्या आसपास होते. या वेळी गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. माणसे तीच, गुरुत्वाकर्षण तेच. एकदा अडीच तास पुरले नाहीत, एकदा एक मिनिटही लागले नाही.

दुसरी गोष्ट २६ जून १९७६ ची. टोकियोत मुष्टियुद्धाचा जगज्जेता महंमद अली आणि जपानी मल्ल अंतोनिओ इनोकी यांची लढत झाली. मधल्या सुट्टीतला आपला वाद आता मिटणार, असे सगळ्या जगाला वाटले होते. पण इनोकीने कोणकोणते डाव टाकायचे नाहीत, याची बंधने त्याच्यावर घातली होती. मग इनोकीने काय करावे? तो बहुतेक वेळ पाठीवर पडून राहिला आणि अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीला खाली वाकून ठोसे मारता येईनात. १५ फेऱ्यांत त्याने मारलेले ठोसे बोटांवर मोजण्याइतके होते. लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले आणि अलीचे पाय इतके सुजले की त्याला इस्पितळात उपचार घ्यावे लागले. कोण भारी, हे त्या दिवशी कळले नाही. नियम बदलले की निकाल बदलतो, एवढे मात्र कळले.

मग नियम अगदी कमी ठेवले तर? असा प्रयत्न १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झाला. आठ लढवय्ये, प्रत्येकाची कला वेगळी, वजनाचे गट नाहीत. एक मुष्टियोद्धा तर एकाच हातात मोजा घालून आला होता! जिंकला तो ब्राझीलचा रॉइस ग्रेसी. तो सगळ्यांत धिप्पाड मुळीच नव्हता. ठोसे चुकवत तो जवळ शिरायचा, समोरच्याला खाली घ्यायचा आणि मान किंवा हात आवळून शरण आणायचा. एका रात्रीत त्याने तिघांना हरवले. त्याची कला मूळ जपानी ज्युदोतून ब्राझीलमध्ये वाढली होती. वाद मिटला असे काहींना वाटले. पण पुढच्या काही वर्षांत कुस्तीगीर हे जमिनीवरचे डाव शिकले आणि तेच जिंकू लागले. मग ठोसे मारणाऱ्यांनी पट कसा चुकवायचा ते शिकून घेतले आणि तेही जिंकू लागले. आज अशा मिश्र लढतींत एकच कला शिकलेला माणूस टिकत नाही.

या सगळ्यातून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट थोडी वेगळी आहे. ठोसे, कुस्ती, ज्युदो, जमिनीवरची पकड यांपैकी कोणीही केव्हा ना केव्हा जिंकले. पण ज्या पद्धतींत मुले रांगेत उभी राहून हवेत हातपाय फेकतात आणि ‘आमचे डाव इतके प्राणघातक आहेत की कोणावर वापरून दाखवता येत नाहीत’ असे शिक्षक सांगतात, त्यांचा अशा लढतींत निभाव लागला नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर एका शाळामास्तराला शंभर वर्षांपूर्वीच सापडले होते. जिगोरो कानो हा जपानी तरुण अंगाने किरकोळ होता. तो जुनी जुजुत्सू विद्या शिकला. तिच्यात डोळ्यात बोट घालणे, सांधा मोडणे असे अनेक भयंकर प्रकार होते. १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात त्याने आपली शाळा काढली आणि हे भयंकर प्रकार रोजच्या मोकळ्या झटापटीतून काढून टाकले. ऐकायला उलटे वाटते, नाही का? पण विचार करा. सांधा मोडण्याचा डाव मित्रावर पूर्ण जोराने कसा करणार? तो लुटुपुटीनेच करावा लागतो, आणि मित्रही लुटुपुटीने पडतो. आपला डाव खरेच लागतो की नाही, हे जन्मभर कळत नाही. याउलट जो डाव सुरक्षितपणे टाकता येतो, तो रोज पूर्ण ताकदीने, पूर्ण विरोध करणाऱ्या माणसावर टाकून पाहता येतो. चुकला तर त्याच क्षणी कळते. कानोच्या विद्येला ज्युदो म्हणतात, आणि १९६४ साली तिला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

आखाड्यातली मऊ माती हेच काम करते. ती पडणाऱ्याला वाचवते, म्हणून पाडणाऱ्याला हात आखडता घ्यावा लागत नाही. प्रयोगशाळेत परीक्षानळीचे जे स्थान, तेच आखाड्यात मातीचे. तुम्हाला एखाद्या वर्गात नाव घालायचे असेल, तर भिंतीवरची चिन्हे आणि पट्ट्यांचे रंग पाहू नका. येथे दोन मुले एकमेकांना खरोखर विरोध करत कधी झुंजतात का, एवढे विचारा. झुंजत असतील तर तो कराटेचा वर्गही चांगला. झुंजत नसतील तर कुस्तीचाही उपयोग नाही.

अर्थात ज्या परिस्थितीत चाचणी घेतली, त्याच परिस्थितीपुरता निष्कर्ष खात्रीचा असतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना सवयीचे नव्हते. ते सहावे आले. मातीत पाय किंचित रुततो, गादीवर रुतत नाही. मातीत चीत करणे हाच निकाल, गादीवर गुणांचाही हिशेब. खाशाबांनी ही नवी परिस्थिती आत्मसात केली आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत तर ही परीक्षा दरवर्षी होते. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता किताबासाठी एकमेकांशी लढतात. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला माती विभागातून बाला रफीक शेख आणि गादी विभागातून आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके समोरासमोर आले. बाला रफीक मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, पण स्पर्धेत उतरला होता तो बुलढाण्याचा मल्ल म्हणून. त्याने ११-३ अशा गुणांनी कुस्ती मारली आणि महाराष्ट्र केसरीची गदा बुलढाण्याच्या नावावर लागली. त्यापूर्वीच्या वर्षी निकाल उलट लागला होता, गादीवाला जिंकला होता. तेव्हा ‘मातीच श्रेष्ठ’ असा निष्कर्ष कोणी घाईने काढू नये.

वजनाचे काय, असे कोणी तरी विचारीलच. कसब सारखे असेल तर जड माणूस बहुधा जिंकतो. म्हणूनच वजनांचे गट पाडावे लागले. हलक्या माणसाने जडाला हरवल्याच्या कथा आपल्याला आवडतात, आणि ग्रेसीसारखी खरी उदाहरणेही आहेत. पण त्यांत जडाला समोरच्याची कला ठाऊक नव्हती. ती त्याने शिकून घेतली की वजन पुन्हा आपला हिशेब मागते.

राहिली आजोबांची काठी. टोकाचा वेग म्हणजे फिरण्याचा वेग गुणिले त्रिज्या. दीड मीटरची लाठी टोकाशी धरून सेकंदाला दोन फेरे फिरवली, तर तिचे दुसरे टोक सेकंदाला जवळजवळ १९ मीटर वेगाने जाते. तितक्याच फेऱ्यांनी फिरणाऱ्या ६० सें.मी. लांबीच्या हाताची मूठ जेमतेम साडेसात मीटर वेग गाठते. शिवाय लाठीवाल्याला दीड-दोन मीटर अंतरावरूनच प्रहार करता येतो. तिथपर्यंत पहिलवानाचा हात पोचत नाही, आणि कराटेवाल्याचा पायही नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात लाठी आणि मल्लखांब यांना कुस्तीइतकाच मान आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या याच मंडळाचा चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आला होता. तेव्हा आजोबांचे म्हणणे बरोबरच आहे, पण ते अंगणापुरते. घराच्या दारात, एस.टी.च्या गाडीत किंवा एकदा का पहिलवानाने काठीच्या आत शिरून कंबरेला मिठी घातली म्हणजे, त्याच लाठीला फिरायला जागा उरत नाही. आजोबांना हे सांगून पाहा. ते बहुधा म्हणतील, मिठी मारायला तो माझ्याजवळ पोचेलच कसा?